सहा महिन्यांचं घर

आयुष्यात किती घरं बांधली, असं कुणी विचारलं की मी सांगतो, एकही नाही. सरकारी हिशेबानं मी जन्मभर फक्त ‘तात्पुरती बांधकामं’ उभी केली. त्यांच्यात माणसं राहिली, पोरं जन्मली, सुना आल्या, म्हातारी माणसं अंथरुणावर सुखानं गेली. पण भिंत नऊ इंच जाड नव्हती आणि पाया दगडाचा नव्हता, म्हणून ती घरं नव्हती. हे मला तेव्हा पटलं नाही आणि आता निवृत्त होऊन ओसरीवर बसलोय तरी पटत नाही. या दिवाळी अंकात चार पानं मिळालीच आहेत, तर माझा विरोध एकदा छापील करून ठेवतो.

मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका कारखान्यात उभारणी मिस्त्री होतो. शेजारीपाजारी सगळे ऑइल इंजिनाचे पार्ट ओतण्यात आणि लेथवर घासण्यात गुंतलेले. आमचे मालक मात्र घरं बनवायचे. म्हणजे लोखंडी अँगलचे खांब, त्यावर त्रिकोणी कैच्या, भिंतीला आणि छपराला सिमेंटचे पत्रे, दार-खिडक्यांच्या चौकटी, सगळं कारखान्यात मापून, भोकं पाडून तयार. ट्रकमध्ये भरायचं, जागेवर न्यायचं आणि नट-बोल्टांनी जोडायचं. धरणाच्या कामावरचे इंजिनियर, साखर कारखान्याचे हंगामी कामगार, जंगल खात्याचे लोक, ही आमची गिऱ्हाइकं. जोतिबाच्या डोंगरावरच्या एका गुलाल-खोबऱ्याच्या दुकानदारानं यात्रेपुरतं दुकान म्हणून एक घर नेलं होतं. पुढं मी सहज बघायला गेलो तर आत शेळ्या. मी रागावलो तर म्हणाला, “मिस्त्री, माझ्या शेळ्यांस्नी पयल्यांदाच गळकं न्हाय असं छप्पर मिळालंय, तुमी कशाला तोंड वाकडं करताय?” त्याच्या बोलण्यात तथ्य होतं.

या कामाची गोम बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. त्याला वाटतं, बोल्ट घातला आणि आवळला की झालं. तसं केलं तर घर उभं राहत नाही. आधी सगळे बोल्ट नुसत्या हातानं, सैल लावायचे. घर डुगडुगतं, बघणाऱ्याला वाटतं आता पडणार. मग ओळंबा सोडायचा, कोपऱ्यापासून कोपऱ्याला दोरी धरायची, चौकोन बरोबर आला की मगच पाना लावायचा. घाईनं एक कोपरा आधी आवळलात तर शेवटचं भोक जुळणार नाही, हे ठरलेलं. आणि प्रत्येक जोडाला दोन माणसं लागतात. एक आतून बोल्ट सरकवतो, दुसरा बाहेरून नट फिरवतो. मधे पत्रा असतो, त्यामुळं एकमेकाचं तोंड दिसत नाही. सगळं काम आवाजावर चालतं.

माझा आवाजातला जोडीदार इब्राहीम. तो आत, मी बाहेर. वर्षानुवर्षं आम्ही पत्र्याच्या दोन बाजूंनी बोललो. माझ्या बायकोशी झालं नसेल एवढं बोलणं माझं त्याच्याशी झालं असेल, तेही तोंड न बघता. त्याच्या “हां, धर” आणि “हां, सोड” वरून त्याची तब्येत कशी आहे, घरी भांडण झालंय का, हे मला समजायचं.

आता सरकारबद्दल. विक्रीकरवाल्यांच्या लेखी आमचं घर म्हणजे माल, म्हणून त्यावर कर. जकात नाक्यावर तेच घर म्हणजे लोखंड, म्हणून लोखंडाची जकात. नगरपालिकेत गेलं की शेड. घर म्हणायचा तो फक्त आत राहणारा.

एकदा एका सरकारी खात्यानं छावणीसाठी आमची घरं मागवली. अट अशी की नमुन्याच्या घराच्या छपरावर वाळूची पोती रचून वजन तपासायचं. तपासणीला साहेब आले ऐन पावसाळ्यात. पंचगंगा दोन्ही काठांनी भरून चाललेली, कोरडी वाळू आणायची कुठून? मालकांचं डोकं भलतंच चालायचं. त्यांनी जवळच्या तालमीत निरोप धाडला. अर्ध्या तासात सगळा आखाडा हजर. कैच्यांवर फळ्या टाकल्या आणि एकेक पैलवान वर चढवून दाटीवाटीनं बसवला. घर हललं नाही. वरून एक पैलवान ओरडला, “सायेब, वजन कमी पडत आसंल तर वस्तादांस्नी बी बोलवू का?” साहेबांनी छत्रीखालून वर बघितलं आणि म्हणाले, “नियमात वाळू आहे. वाळू हलत नाही, माणूस हलतो.” पैलवान बिचारे मूर्तीसारखे बसले होते. तरी तपासणी नामंजूर. नदी उतरली, वाळू आली, तेव्हा कुठं घर पास झालं. पैलवानांच्या दुधाचा आणि बदामाचा खर्च मालकांनी त्या खात्याच्या नावानं बोटं मोडत सोसला.

त्यावर हसता तरी आलं. पुढची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

इब्राहीमचं गाव कोल्हापूरपासून एसटीनं जवळच, बाजाराचं मोठं गाव. नाव सांगत नाही, अजून तिथं माझी उठबस आहे. गावाच्या कडेला त्याची वडिलोपार्जित मोकळी जागा होती, काळ्या मातीची. काळ्या मातीत घर बांधायचं तर पाया खोल खणावा लागतो, आणि त्या काळात सिमेंट परमिटवर मिळायचं. परमिटासाठी तहसील कचेरीत खेटे घालून माणसं थकायची. इब्राहीम म्हणायचा, “दुसऱ्याची घरं उभारून माझं हात झिजलं. आता एक माझं.” त्यानं मालकांशी बोलून फावल्या वेळात स्वतःच्या घराचे भाग स्वतः बनवले. प्रत्येक भोक त्याच्या हातचं. कैचीला तर त्यानं कानस मारून कडा इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की मालक म्हणाले, अरे, हे छपराखाली जाणार आहे, कोण बघतंय?

घर तयार झालं आणि उभारायच्या आधी इब्राहीम काविळीनं गेला.

मागं बायको खैरून आणि म्हातारी आई. मी खैरूनला भाभी म्हणायचो, ती मला भावजी. भाड्याच्या खोलीत राहून ती लोकांच्या मिरच्या उखळात कांडून द्यायची. आमच्याकडं वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, घरोघर एकदम करतात, त्यामुळं हंगामात तिला मान वर करायला सवड नसायची. तिचे हात, डोळे कायम आग-आग. तिच्या मनात एकच होतं, स्वतःच्या घरात विजेवर चालणारं कांडप यंत्र बसवायचं. त्यासाठी वीज पाहिजे. विजेच्या जोडणीला घर नंबर पाहिजे. आणि घर नंबर नगरपालिका देणार फक्त घराला.

मी आणि आमच्या टोळीनं इब्राहीमचं घर त्याच्या जागेवर उभारलं. त्या दिवशी आतून बोल्ट सरकवायला दुसरा माणूस होता. मी सवयीनं दोनदा “इब्राहीम, धर” म्हणालो. आतल्या माणसानं बोल्ट धरला.

भाभीनं नंबरासाठी अर्ज केला आणि नगरपालिकेचे ओव्हरसियर सायकलवरून आले. उंच, बारीक, खिशाला पेन, सायकलच्या दांड्याला छत्री. आमच्या भागातले नव्हते, बोलणं पुस्तकी. त्यांनी भिंतीला टेप लावला. पत्रा किती जाड असणार?

“हे घर नाही,” ते म्हणाले.

“मग काय हाय?” भाभीनं विचारलं.

“तात्पुरते बांधकाम. याचे भाग न मोडता सुटे करता येतात. जे न मोडता उतरवता येते ते तात्पुरते, अशी नियमात व्याख्या आहे. मंडप, सर्कशीचा तंबू, तसे हे.”

“सर्कशीत माणसं ऱ्हात्यात व्हय वर्षभर?”

ओव्हरसियर चिडले नाहीत. हा माणूस कधीच चिडायचा नाही, हीच मोठी पंचाईत होती. लाच मागायचा नाही, चहा घ्यायचा नाही. त्यांनी शांतपणे समजावलं की तात्पुरत्या बांधकामाला सहा महिन्यांचा परवाना मिळतो. मुदत संपली की ते पूर्ण उतरवून जागा मोकळी करायची. जागा मोकळी झाली की नवीन परवान्याला अर्ज करता येतो.

मी म्हटलं, “साहेब, म्हंजे उतरवून परत तितंच उभा केलं तर चालतंय?”

त्यांनी थोडा विचार केला. “पूर्ण उतरवले पाहिजे. मी स्वतः येऊन बघणार.”

“बगा की. न्हाय कोण म्हणतंय?” भाभी म्हणाली.

तेव्हापासून आम्ही ते घर उतरवायला लागलो. दर सहा महिन्यांनी आमची टोळी सुट्टीच्या दिवशी पाने घेऊन गावात हजर. आधी छपराचे पत्रे, मग भिंतींचे, मग कैच्या, शेवटी खांब. सगळं एका बाजूला नीट रचायचं. मग ओव्हरसियर सायकलवरून यायचे, मोकळ्या जागेवर इकडून तिकडं चालायचे, रचलेल्या भागांकडं बघायचे आणि वहीत खूण करून, भाभीचा नवा अर्ज घेऊन जायचे. ते वळणावर दिसेनासे झाले की आम्ही पहिला खांब उभा करायचो. संध्याकाळी घर जसंच्या तसं.

त्या मधल्या वेळात भाभीचा संसार उघड्यावर. भांडी, गोधड्या, उखळ, मिरच्यांची पोती आणि खाटेवर सासूबाई. आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणायचो. डोक्यावर पदर घेऊन त्या बसायच्या आणि येणाजाणाऱ्याला सांगायच्या, “सरकार घर बघाय येणार हाय.” जणू सोयरीक जुळवायला पाहुणे येणार होते. शेजारच्या बायका भाकरी घेऊन यायच्या, गडीमाणसं पत्रे उचलायला हात लावायची. भाभी तीन दगडांच्या चुलीवर आमच्यासाठी मटण शिजवायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी सण आहे.

पण सण नव्हता तो. मला त्याचा संताप यायचा. एका बाईनं वर्षातून दोनदा आपला संसार रस्त्यावर मांडायचा, कशासाठी? तर भिंत जाड नाही म्हणून. गावातल्या मातीच्या भिंती नऊ इंचाच्या दुप्पट जाड होत्या आणि दर पावसाळ्यात त्यांतल्या काही बसायच्या. त्यांना नंबर होते. आमचा एक खांब कधी कलला नाही, त्याला नंबर नाही. मी हे ओव्हरसियरना तोंडावर बोललो. ते म्हणाले, “मिस्त्री, तुमचे म्हणणे चूक नाही. पण मी नियम करत नाही, मी नियम बघतो.”

“मग बगताय त्ये वर सांगा की.”

“सांगितले आहे,” ते म्हणाले. 

भाभी मात्र या उतरवण्याला भ्यायली नाही. उलट तिचा हेका वाढत गेला. तिला पाना धरता यायला लागला. तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून आतून बोल्ट ती सरकवायची. “हां, धरा भावजी. हां, सोडा.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पाना खाली ठेवला आणि तोंड धुवायच्या निमित्तानं हौदावर गेलो.

एका वर्षी मुदत भर पावसात संपली. आम्ही चार दिवस थांबायची विनंती केली, पण परवान्यावरची तारीख ती तारीख. पावसात घर उतरवलं. अम्मांना शेजारच्या ओसरीवर नेत होतो तर त्या जाईनात. “माझ्या पोराचं घर उघडं पडलंय, मी कुटं जाऊ?” डोक्यावर पोतं घेऊन खाटेवर बसून राहिल्या. त्यानंतर त्या तापानं महिनाभर पडल्या. बऱ्या झाल्या, पण पुन्हा पहिल्यासारख्या उठून बसल्या नाहीत.

आणि पुढच्या मुदतीच्या आधी नोटीस आली. एकाच जागेवर एकाच बांधकामाला पुन्हा पुन्हा तात्पुरता परवाना देऊ नये, असा वरून हुकूम निघाला होता. आता घर उतरवायचं ते कायमचं. नाही उतरवलं तर नगरपालिका आपली माणसं लावून उतरवणार.

मी गावात गेलो तेव्हा भाभी मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. नोटीस उखळाच्या कडेला ठेवलेली.

“भावजी, वाचलीसा?”

“वाचली.”

“किती डाव उतरवलं आपुन. उतरत हुतं म्हणून उतरवलं.” तिनं देठ बाजूला टाकला. “त्ये साहेब पयल्या दिवशी काय म्हणालते? न मोडता उतरतंय म्हणून घर न्हाय. मग न उतरणारं करा की.”

 तिला जे सुचलं ते मलाही आधी सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं आणि मी ते मनातून हाकलून दिलं होतं. नट बोल्टाला वेल्ड करून टाकायचा, म्हणजे जोड पुन्हा कधी सुटणार नाही. पण आमचा सगळा धंदा, सगळी इज्जत त्या सुटण्यावर उभी. आमचे मालक गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगायचे, नको झालं तर उतरवा, ट्रकात भरा, दुसरीकडं न्या. आणि ती भोकं इब्राहीमनं पाडलेली. प्रत्येक बोल्ट बोटानं सरकावा इतकी अचूक. त्यावर मी वितळलेलं लोखंड ओतायचं?

मी मालकांना विचारलं. ते भडकले. “वेल्ड मारलेला आपला एक तरी माल बाहेर दिसला तर लोक म्हणतील ह्यांच्या बोल्टावर ह्यांचाच भरवसा न्हाय. कारखान्यातली गॅसची टाकी मिळणार न्हाय. आणि तू गेलास तर माझा माणूस म्हणून जाऊ नको.”

“मग इब्राहीमचा माणूस म्हणून जातो,” मी म्हणालो आणि रजेचा अर्ज टेबलावर ठेवला.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्याकडून गॅस वेल्डिंगचं सामान मागून घेतलं आणि टेम्पोत टाकून गावात नेलं. नोटिशीच्या मुदतीला एक दिवस उरला होता. सकाळीच सुरुवात केली. सिमेंटचा पत्रा आचेनं तडकतो, म्हणून प्रत्येक जोडामागं ओलं पोतं धरावं लागायचं. ते काम भाभीनं केलं. मी ज्योत लावायची, नट लालभडक व्हायचा, त्यावर सळई वितळवून टाकायची, निळसर फुगा बसला की पुढचा जोड. कैचीवर चढलो तेव्हा इब्राहीमनं गुळगुळीत केलेल्या त्या कडा हाताला लागल्या. मी वेल्डिंगचा चष्मा काढला आणि तिथंच वर बसून रडलो. मला लाज वाटत नाही सांगायला. चांगलं काम बिघडवणं काय असतं ते ज्यानं चांगलं काम केलंय त्यालाच कळतं.

खालून भाभी म्हणाली, “भावजी, पोतं वाळतंय.”

मी चष्मा चढवला. दिवस मावळायच्या आत एकही जोड मोकळा ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर आले. बरोबर नगरपालिकेचा मुकादम, काही बिगारी आणि एक हवालदार. रस्त्यावर गर्दी. भाभी दारात उभी होती, आत अम्मा खाटेवर. मी पायरीच्या दगडावर पाना घेऊन बसलो होतो.

“मिस्त्री, उतरवायला सुरुवात करा,” ओव्हरसियर म्हणाले. “तुमच्या माणसांनी उतरवले तर सामानाची मोडतोड होणार नाही.”

“आज मी कामावर न्हाय, साहेब. रजेवर हाय. ह्यो घ्या पाना.”

त्यांनी पाना मुकादमाकडं दिला. मुकादमानं दाराच्या खांबाचा नट धरला आणि जोर लावला. नट हलला नाही. त्यानं धोतर खोचलं, दोन बिगारी मदतीला घेतले. पाना घसरला आणि मुकादम मागं बसला. गर्दीतून कुणीतरी शीळ घातली.

ओव्हरसियर पुढं आले. त्यांनी चष्मा वर केला आणि नटावर बोट फिरवलं. मग दुसरा जोड बघितला, तिसरा बघितला. घराला पूर्ण फेरी मारली. आत जाऊन, अम्मांना नमस्कार करून, मान वर करून कैच्या बघितल्या. बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

“हे कधी केलेत?”

“काल.”

“आता हे उतरणार नाही?”

“न्हाय. फोडायचं तर फोडा.”

हवालदार पुढं सरकला. मुकादम म्हणाला, “सायेब, घण मागवू का?”

भाभी दारातून बोलली, आवाज न चढवता. “मागवा की. पण पयला घण मी हितं उभी असताना बसंल.”

मी उठून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मग शेजारची एक बाई आली, तिच्यामागनं तिचा नवरा. आणखी दोघं-चौघं आले, ज्यांनी इतकी वर्षं पत्रे उचलायला हात लावला होता. दार भरून गेलं. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी शिव्या दिल्या नाहीत. नुसते उभे.

ओव्हरसियर घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायले. मग ते मुकादमाला म्हणाले, “माझ्याजवळ उतरवण्याचा हुकूम आहे. मोडण्याचा नाही. पक्के बांधकाम मोडायचे तर वेगळी नोटीस लागते, सुनावणी लागते.” आणि त्यांनी सायकलच्या कॅरिअरवर कागद ठेवून, सगळ्यांसमोर, पंचनामा लिहिला. मोठ्यानं वाचूनही दाखवला. सदर बांधकामाचे भाग न मोडता सुटे करता येत नाहीत, असे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले.

 त्यांच्या स्वतःच्या व्याख्येचं दुसरं टोक त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. मुद्दाम लिहिलं की नियमाचा माणूस म्हणून दिसलं ते लिहिलं, हे मला कधीच कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. सायकलवर बसता बसता ते एवढंच म्हणाले, “वेल्डला हात कुणाचा?”

“माझा.”

“चांगला आहे,” म्हणाले आणि गेले.

पुढं तो कागद मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर गेला, तिथून कुठल्या कुठल्या टेबलांवर हिंडला. भाभी दर बाजाराच्या दिवशी कचेरीत जाऊन बाकावर बसायची. कुणाला काही विचारायची नाही, नुसती बसायची. शिपाई म्हणायचा, बाई, उगाच कशाला हेलपाटा घालताय? ती म्हणायची, “घर उतरवायच्या निमित्तानं तुमी माझ्याकडं येत हुता, आता मी येते.” शेवटी निकाल लागला तो असा. सदर बांधकाम उतरवता येत नाही, म्हणून ते तात्पुरतं नाही. तात्पुरतं नाही म्हणजे घर आहे. घर आहे पण नियमात बसत नाही, म्हणून त्याला दंड. दंड आणि घरपट्टी वसूल करायची तर नंबर पाहिजे. सबब, नंबर देण्यात यावा.

मी तो निकाल दोनदा वाचून घेतला आणि खो खो हसलो. इतकी वर्षं सरळ मागून जे मिळालं नाही, ते दंड ठोकायला म्हणून मिळालं. भाभीनं दंड भरला, पावती घेतली आणि तिथूनच वीज कचेरीत गेली.

मालक माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. त्यांचं भाकीतही खोटं ठरलं नाही. ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली आणि लोक कारखान्यात येऊन सांगायला लागले, आम्हाला न उतरणारं द्या. हळूहळू आमच्या सगळ्याच घरांना वेल्ड बसायला लागले. सुटणारं, हलणारं, जिथं नेलं तिथं जुळणारं घर करायची विद्या आमच्या डोळ्यांदेखत मोडीत निघाली. आता कुणाला तो सैल बोल्टांचा चौकोन जुळवता येत नाही. याचं मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. सरकारला नको होतं म्हणून एक शहाणं काम मेलं, आणि मारायला हात माझा वापरला गेला. तरी उद्या तीच वेळ आली तर मी पुन्हा टाकी मागून आणीन. माणसाच्या डोक्यावरचं छप्पर आधी, माझ्या कारागिरीचा तोरा नंतर.

नंबराची पाटी बसवायच्या दिवशी भाभीनं मला मुद्दाम निरोप धाडला होता. नगरपालिकेचा शिपाई पत्र्याची चकती, खिळा आणि हातोडा घेऊन आला. भाभी अम्मांना आधार देऊन दारापर्यंत घेऊन आली. शिपायानं चकती दाराशेजारच्या भिंतीवर धरली आणि सरळ खिळा लावला. मी ओरडलो, “आरं थांब! सिमेंटचा पत्रा हाय त्यो, खिळ्यानं फुटंल. भोक पाडून देतो, थांब जरा.” मी पिशवीत बर्मा शोधायला लागलो.

भाभीनं माझा हात धरला.

“ठोकू द्या, भावजी.”

“आवं भाभी, चीर पडंल. इब्राहीमचं काम हाय ते.”

“पडू द्या. इतक्या वर्सांत सरकारनं आमच्या भिंतीला एक खिळा मारला न्हाय. शेडला कोण मारतंय? आज घर झालं म्हणून तर मारतोय.” आणि शिपायाकडं वळून म्हणाली, “मार की रं. जोरात मार.”

शिपायानं हातोडा हाणला. पत्र्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली, आणि नंबर बसला.